घर दाखवायचं आहे

अंगणातल्या पेवाचं घराच्या गिऱ्हाइकाला सांगायचं की नाही, यावर आम्ही तिघं भावंडं दोन रात्री बोलत होतो. ताई सपरीतल्या बाजेवर, दादा ओट्यावर आणि मी उंबऱ्याशी भिंतीला टेकून.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. तळाला नि कडेला कडबा लावून त्यात ज्वारी भरायची. आमच्या आजोबांच्या काळात ते दरवर्षी भरत. उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी दोरीने कंदील सोडायचे. तो विझला तर खालची हवा जीव घेईल असं समजायचं आणि तोंड तसंच उघडं ठेवून थांबायचं. पुढे रानातून ज्वारी कमी कमी होत गेली, कापूस आणि नंतर सोयाबीन राहिलं, तसं पेवात ठेवायला काही उरलं नाही. बाबांनी तोंडावर दगडी चीप बसवली आणि काही वर्षांनी साऱ्या अंगणात शहाबादी फरशी टाकली. आता त्या फरशीवर उभ्या राहणाऱ्याला पायाखाली पुरुष-दीड पुरुष पोकळी आहे हे कळायला काही मार्ग नाही.

दादा म्हणत होता, साऱ्या गावाला माहीत आहे, आपण वेगळं काय सांगायचं? ताईचं म्हणणं, गिऱ्हाईक बाहेरगावचं असलं म्हणजे? मी दोन्ही रात्री फारसं बोलले नाही. मला माझं लग्न ठरलं तो दिवस आठवत होता.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. यवतमाळ–मूर्तिजापूरची नॅरोगेज रेल्वे, आमची शकुंतला, गावापासून दोन-अडीच मैलांवरून जायची. आता रुळांवर बाभळी उगवल्यात. आई आधी गेली, दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. ताई पुसदला, दादा पुण्याला, मी अमरावतीला. घराने दोन पावसाळे कुलपात काढले. बंद घराची खबर उधईला, म्हणजे वाळवीला, सगळ्यात आधी लागते. दुसऱ्या वर्षी माजघराच्या चौकटीवर मातीची बोटभर रुंद वाट चढलेली दिसली तेव्हाच दादा म्हणाला, आता विकू. पडायच्या आधी विकू.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. बाबांच्या पश्चात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर वारसांची नोंद झाली, तेव्हा दादाने आम्हा बहिणींकडे हक्कसोड मागितलं नाही. आमच्या भागात अजूनही ते साडीचोळीवर होतं. बहीण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाते, अंगठा देते आणि भावाच्या घरचं जेवून परत येते. १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या मागे मुलीला वाटा दिला, २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्मापासूनच मुलाइतका हक्क दिला, तरी अंगठा काही थांबला नाही. दादाने तिघांची नावं लावून घेतली. ज्या घरात मी जन्मले त्या घराच्या कागदावर माझं नाव आलं ते मी पन्नाशी ओलांडल्यावर, आणि आलं ते विकण्यापुरतं. म्हणून घर तयार करण्याचं काम मी मागून घेतलं. शाळेला एक महिन्याची रजा टाकली.

आमच्याकडे घर विकायचं तर ते मार्च-एप्रिलात काढावं. कापूस नि तूर विकून लोकांच्या हाती पैसा आलेला असतो, रस्ते कोरडे असतात. पितृपक्षात तर कुणी इसाराचं नावही काढत नाही. दादाने पुण्यातल्या त्याच्या ओळखीच्या दलालाला विचारून मला फोनवर सूचना दिल्या होत्या, त्या मी वहीत उतरवल्या. सामान काढून खोल्या मोकळ्या करा. भिंतींना फिका रंग द्या. घरच्या माणसांचे फोटो, देव, जुन्या खुणा उतरवा, म्हणजे येणाऱ्याला त्या जागी स्वतःचा संसार दिसतो. मला ते पटलं होतं. दुसऱ्याला घरात शिरायचं तर आपण थोडं बाजूला सरावं, यात काही चूक वाटत नव्हती.

सुरुवात मी कोठ्यापासून केली. जनावरं जाऊन दहा वर्षं झाली तरी गव्हाणी होत्या, वखर, डवरे, तिफण, बंडीचं एक चाक, आणि कोपऱ्यात फवारणीचा पंप नि औषधांचे डबे. काही अर्धे भरलेले. कोठ्याचं दार उघडलं की तो वास घशात बसायचा. २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दगावली, तेव्हापासून हा वास कुणाच्याही घरात आला की लोक दोन पावलं मागे सरतात. मी स्वतः त्या डब्यांना हात लावला नाही. कृषी सहायकाला विचारून ते हलवले, मग कोठा चार दिवस सताड उघडा ठेवला. घराला वास असतो आणि तो आपल्या नाकाला लागत नाही, म्हणून मी रोज सकाळी शेजारच्या मावशीला नुसती आत बोलवायची. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आता फकस्त जुनं लाकूड येते नाकात."

मग छप्पर. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे, मागे सारे कवेलू. वानरांची टोळी दुपारी एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळाली की पाच-पंचवीस कवेलू गेलेच. गावात बहुतेकांनी कंटाळून टिना टाकल्या. मिस्त्री मलाही म्हणाला, टिना टाका, नवं दिसन. पण आमच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा, टिनाखालची खोली दुपारी भट्टी होते. कवेलूंखालून वारा फिरतो. मी कवेलू फेरून घेतले. पडक्या घरांतून जुने कवेलू विकत मिळाले, हाताच्या नि मांडीच्या आकाराचे, एकसारखा दुसरा नाही.

भिंतींचं मात्र मला मिस्त्रीकडून शिकावं लागलं. न्हाणीकडच्या भिंतीला बाबांनी केव्हातरी सिमेंटचा गिलावा केला होता, तो थाळीएवढ्या पापुद्र्यांनी सुटत होता. मी म्हटलं, पुन्हा सिमेंट लावू, गुळगुळीत दिसेल. तो उकिडवा बसून भिंतीचा पाया नखाने उकरत होता. "बाई, मातीच्या भितीले सिमिट धरत नाही. दोन पावसाये चांगलं दिसन, मंग सोडन." मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि उन्हात बाहेर टाकते. वर सिमेंटचं कवच बसलं की ओल आत कोंडते, माती मऊ होते, आणि कवच आपल्याच वजनाने खाली येतं. बाबांची भिंत आतून पिठासारखी झाली होती. त्याने तेवढा भाग काढून मातीनेच भरला आणि माती आणली ती शेजारच्या पडक्या जागेतून. ते कुटुंब कधीच मुंबईला गेलं.

आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावाला पांढरी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते, तिच्यावर घर ठरत नाही. गाव वसतं ते पांढरीवर, आणि ही पांढरी पुष्कळशी पडलेल्या घरांचीच माती. भिंती पडतात, विरघळतात, तिथेच नव्या उभ्या राहतात. मिस्त्री घमेल्यात पायाने चिखल तुडवत होता तेव्हा मी पाहत राहिले. मुंबईला गेलेल्यांची भिंत आमच्या भिंतीत चालली होती, आणि आमची आता कुणाच्या तरी नावावर जायची होती.

रंगाला चुनाच घेतला. कळीचा चुना ड्रममध्ये पाण्यात सोडला की कसा खदखदतो, वाफा निघतात. रात्रभर निवू दिला, फडक्यातून गाळला, थोडा डिंक, चिमूटभर नीळ. मला लहानपणचा पोळा आठवला, पोळ्याच्या आधी घर पोतारायचं, पांढऱ्या मातीचा हात मारायचा. चुन्याचं काम स्वस्त आहे म्हणून लोक त्याला कमी लेखतात, पण मातीच्या भिंतीला त्यासारखं दुसरं काही नाही. ओल येऊ देतो, जाऊ देतो. दोन हात दिल्यावर मागच्या खोल्यांत एवढा उजेड झाला की दुपारी चारला दिवा लावावा लागेना.

दारं-खिडक्या सागवानाच्या. त्यांना ऑइलपेंट द्यायचं ठरलं, बदामी. रंगाऱ्याने पुढची सात दारं केली. कोठीच्या खोलीचं राहिलं, कारण तिथे माळ्यावरून उतरवलेलं सामान दाराशी रचून ठेवलं होतं.

देव वहिनीने आधीच पुण्याला नेले होते. टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे. देवघराचा कोनाडा पुसून पांढरा केला होता. दलालाच्या सूचनेप्रमाणे सगळं बरोबर झालं होतं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते घराचं नव्हतंच. यवतमाळकडून दोन माणसं जीपने आली, खोल्यांत फिरली नाहीत, ओसरीचे चार खांब, तुळ्या आणि चौकटी तेवढ्या ठोकून पाहिल्या. त्यांना सागवान हवं होतं. घराच्या किमतीच्या जवळपास नुसत्या लाकडाचे पैसे देतो म्हणाले. जागा तुम्हाला राहील, वर माती राहील. दादा फोनवर क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, नको. त्याच्या त्या 'नको'चं मला फार बरं वाटलं.

दुसरे नवरा-बायको तरुण होते. समृद्धी महामार्गाला कारंज्याजवळून चढता येतं, आता नागपूर दूर नाही, म्हणून गावाकडे एक घर असावं असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी बदामी दारांचे फोटो काढले. बाई कोनाड्याशी थांबली आणि तिने हळूच विचारलं, "इथे दिवा नाही लागत का?" मी म्हटलं, देव नेले. ती काही बोलली नाही, पण नंतर पाय आत घालताना ती बिचकत होती. ते परत आले नाहीत. त्याच संध्याकाळी मी कोनाड्यात पणती लावली. ज्या घरात दिवा नाही ते घर आमच्याकडे रिकामं म्हणवत नाही, त्याला दुसरं काहीतरी म्हणतात. दलालाच्या सूचना जिथल्या, तिथे खऱ्या असतील. इथे माणूस घर पाहायला येतो तेव्हा घरातली माणसं कशी वागली, कशी राहिली, कशी गेली, हे पाहायला येतो. ते पुसून ठेवलं तर त्याच्या हाती काय लागणार? मी एक महिना नेमकं तेच पुसत होते.

तिसरे गिऱ्हाईक अक्षय तृतीयेच्या चार दिवस आधी आले. जवळच्याच गावातला शेतकरी, साठीचा, दोन मुलं, घर अपुरं पडतं. सोबत बायको. तो छप्पर पाहत होता, ती सरळ परसात विहिरीवर गेली. पोहरा सोडला, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायली. तिचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. "आमच्या माहेरी पान्यात डाय शिजत नाही वो," ती मला म्हणाली, आणि दुसरी ओंजळ प्यायली.

माणसाने विचारलं, घरात कोणी अवकाळी गेलं नाही ना? आमच्या भागात हा प्रश्न कुणी सहज विचारत नाही आणि विचारल्यावर कुणी रागही मानत नाही. कोणत्या घरात काय झालं हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी विचारावं लागतं. मी सांगितलं, आजोबा, आई, बाबा, तिघंही वयाने गेले. बाबा त्या बाजेवर, पहाटे, चहा मागून. त्याने बाजेकडे पाहून हात जोडले.

मग तो कोठीच्या खोलीत शिरला, सामान वाकून ओलांडलं आणि दार ओढून घेतलं, मागची बाजू पाहायला. लाकडाला उधई लागली का ते पाहत असावा. बराच वेळ बाहेर आला नाही. मी आत गेले तर चष्मा लावून वाचत होता.

दारामागे बाबांचं लेखन होतं. खिळ्याने कोरलेलं थोडं, बाकी कॉपिंग पेन्सिलीचं जांभळं. एका बाजूला कापसाचे वेचे, कोणत्या साली किती क्विंटल. दुसऱ्या बाजूला फक्त साल आणि हात. अक्षय तृतीयेला पितरांची घागर भरायला पाणी शेंदायचं, तेव्हा बाबा दोरीला दगड बांधून विहिरीत सोडत आणि पाणी किती हात आहे ते मोजून लिहीत. १९६८ पासून. १९७३ समोर 'आटली' एवढंच. त्या दुष्काळानंतर विहीर दोन पुरुष खोल केली असं पुढे लिहिलेलं. त्यानंतर दीड हाताच्या खाली एकही आकडा नव्हता. मी ते सारं लहानपणापासून पाहत आले होते आणि महिनाभर त्याला रंगवायचं राहिलेलं दार म्हणत होते.

"हे कोनं लिवलं?"

"बाबांनी."

"हे रंगवू नका." मग थोड्या वेळाने, "यंदाचं?"

यंदाचं कुणी मोजलं नव्हतं. मागच्याही वर्षीचं नव्हतं.

तेव्हाच मी पेवाचं सांगितलं. दादाला विचारलं नाही. माझ्या वेळी मुलगी दाखवायचा कार्यक्रम याच सपरीत झाला होता. माझ्या उजव्या गालावर भाजल्याचा डाग आहे, चुलीवरचं आधण सांडलं होतं लहानपणी. आत्याने मला अशी बसवली की डावी बाजू उजेडात यावी. लग्नानंतर काही महिन्यांनी सासूबाईंनी डागावर हात फिरवून विचारलं, कशाने भाजलं गं? आणि म्हणाल्या, आधी सांगितलं असतं तरी तुला केलीच असती. त्यांनी ते मायेने म्हटलं. पण मधले ते महिने मी रोज डोक्यावरचा पदर उजवीकडून ओढून वावरत होते. ते माझ्या कायम लक्षात आहे.

कायदाही हेच सांगतो, हे मला दारव्ह्याच्या वकिलांकडून नंतर कळलं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ५५ व्या कलमात विकणाऱ्यावर ही जबाबदारीच टाकलेली आहे: घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही असा मोठा दोष आपल्याला ठाऊक असेल, तर तो सांगायचा.

माणूस अंगणात आला. मी सांगितली त्या जागी त्याने पहारीने फरशी ठोकली. आवाज पोकळ आला. त्याने दोन्ही लेकांना फोन लावला, मग काही न बोलता बायकोला घेऊन निघून गेला. दादा त्या रात्री माझ्याशी तुटक बोलला. मी त्याला दोष देत नाही, घराचे पैसे त्याच्या मुलीच्या शिक्षणाला लागणार होते.

अक्षय तृतीयेला सकाळी ते दोघं परत आले, मिस्त्री घेऊन. पेव उघडून, हवा खेळवून, मुरूम भरून, ठोकून पक्कं करायचं आणि तो खर्च आमचा, असं बोलणं झालं. भावही थोडा उतरला. त्याने मिळकत पत्रिका पाहायला मागितली. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली तेव्हा ड्रोन उडायच्या आधी हद्दींवर चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. आमच्या घराची रेषा बाबांनी स्वतः वाकून मारली होती, त्या वयात. कागदावरची हद्द आणि जागेवरची हद्द वीतभरही इकडेतिकडे निघाली नाही.

कागद पाहून झाले तरी बाई विहिरीवरच होती. आम्ही दोघींनी दोरीला दगड बांधून सोडला. ओल्या दोरीवर हात मोजत ती म्हणाली, "साडेतीन." मी आत जाऊन साल लिहिलं, समोर साडेतीन. कॉपिंग पेन्सिल कुठून मिळणार, मुलांच्या वह्या तपासायच्या लाल पेनाने लिहिलं. त्या दारावर मी आयुष्यात पहिल्यांदा काही लिहीत होते.

दादाला ते दार पुण्याला न्यायचं होतं. गिऱ्हाइकाने नाही म्हटलं, बोलणं दारासकट झालंय. दादाने पुन्हा विषय काढला नाही, पण नोंदणीच्या दिवशी कार्यालयातल्या छोट्या कॅमेऱ्यापुढे फोटोला बसताना त्याचे डोळे लाल होते. ताईने अंगठा देताना शाई पदराला पुसली. आई रागावली असती.

परतताना किल्ल्या द्यायला घरी गेलो. पणती विझवायची की तशीच ठेवायची, यावर ताई नि मी थोडा वेळ उभ्या राहिलो आणि तेल घालून तशीच ठेवली. अंगणात निंबाचा पाला पडला होता, रात्रीच्या वाऱ्याने. महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ मी ते अंगण झाडलं होतं, कोणी पाहायला येईल म्हणून. हात आपोआप खराट्याकडे गेला. शेजारची मावशी कुंपणापलीकडून धावत आली आणि तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तुमी निंगून रायले ना? मंग मांगून झाडत नाईत, बाई. उद्या मी झाडतो."

गाडी वळेपर्यंत ती खराटा घेऊन ओट्यावर बसून होती.